पाच नंबर

डॉक्टर म्हणाले, चालत जा. रोज चाळीस मिनिटं.
मी म्हटलं, चौतीस वर्षं चाललेच की,
दौलतगंज ते मोतीमहाल,
खांद्याला डबा आणि डोक्यात मार्चची बिलं.
ते म्हणाले, ती धावपळ.
आणि आधी ही चप्पल फेका.

मुलीनं हैदराबादहून फोटो पाठवला,
किंमत पाच हजार चारशे नव्व्याण्णव.
चष्मा पुसून पुन्हा वाचली.
आकडा हलला नाही.
आमच्या पहिल्या खोलीचं वर्षाचं भाडं
याहून कमी होतं, हे तिला कळवलं नाही.
'बघते' एवढंच लिहिलं.

फाळकेवहिनींनी बजावलं होतं,
सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो,
दिवस उतरला की जा, पाय फुगल्यावर.
आणि मोजे घालून जा.
मोजे ह्यांचे नेले.
गुडघ्यापासून ह्यांचा प्रवास
गॅलरीपर्यंतच असतो, तोही अनवाणी.

नजरबागेतलं तिसरं दुकान.
पोरगा विशीचा, नाव रामलखन,
स्वतः रबरी सपाता घालून
दिवसभर लोकांच्या पायांशी बसलेला.
माझ्या डाव्या अंगठ्याखालचं वर आलेलं हाड
मी पदरानं झाकत होते,
त्यानं बघितलं आणि काहीच म्हटलं नाही,
फक्त रुंद पंज्याचा डबा काढला.

बूट हातात घेऊन वाकवला.
बोटांपाशी वाकला, मधे ताठ राहिला.
म्हणाला, हा चालेल.
(आमच्या साहेबांना हे कधी जमलं नाही,
ते नेमके मधेच वाकायचे.)
पायाच्या अंगठ्यापुढे हाताचा अंगठा ठेवून
म्हणाला, एवढी जागा मोकळी पाहिजे.
डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा निघाला.
मोठ्याचं ऐकायचं, आंटीजी,
छोटा सांभाळून घेतो.
धाकटी सून मी,
हे वाक्य घरात पुष्कळ ऐकलंय,
पायांबद्दल पहिल्यांदाच.

बायकांच्या फळीवर सगळं गुलाबी होतं,
गुलाबीवर चंदेरी, साडेअकराशे.
मी म्हटलं, राखाडी नाही?
तो शिडीवर चढला, शाळकरी मुलांच्या खणातून
तसलाच जोड काढून आणला,
तोच तळ, तीच शिवण, पाच नंबर,
आठशे एकोणपन्नास.
तीनशे एक रुपये फक्त गुलाबीचे होते तर.

दुकानातल्या फरशीवर चार येरझाऱ्या घातल्या.
साडीच्या काठाखालून दोन टोकं
आत बाहेर, आत बाहेर,
बिळातून डोकावणाऱ्या घुशींसारखी.
आरशात बघून हसू आलं.
टाच घसरत नव्हती.
पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी
नाडीपाशी अडले.
नाड्या मी शेकड्यांनी बांधल्यात,
शनिवारचे पांढरे कॅनव्हास,
समोर बसून, मुलांचे पाय मांडीवर घेऊन.
स्वतःच्या पायाला बांधायचं तर
सगळं उलटं, डावं उजवीकडे.
हातांना कळेना.
फास पडले कसेबसे.

गल्लीच्या तोंडाशी दूधवाला कल्लू म्हणाला,
किधर चलीं, आंटीजी?
पिशवी नव्हती. डबा नव्हता.
दवाखान्याची चिठ्ठी नव्हती.
मी उभीच राहिले,
इतक्या सोप्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शेवटी म्हटलं, कहीं नहीं,
आणि जरा ओशाळून पुढे झाले,
काहीतरी चोरून नेत असल्यासारखी.

पायांनी कुणाला विचारलं नाही.
फूलबागेची वाट सोडून
थेट मोतीमहालच्या फाटकाशी.
फाटक बंद. पहारेकरी नवा.
त्यानं घड्याळ बघितलं, मग माझे बूट,
मग हात कपाळाकडे नेता नेता थांबवला.
साडेसहा वाजले होते, रविवार होता,
आणि मला उशीर झालेला नव्हता.

वळले. बागेला तीन फेऱ्या.
दुसऱ्या फेरीत डावी नाडी सुटली,
ओट्यावर बसून बांधली,
गाठ पुन्हा उलट्याच बाजूला.
राहू दे म्हटलं.

घरी पोचले तर हे
खणात हात घालून विचारत होते,
माझे मोजे कुठे गेले गं?